एकही वार न करता जिंकणारा संघ

स्कार्मरी नावाचा एक पोलादी पक्षी आहे. पोकेमॉनच्या सामन्यात प्रत्येकाला चारच चाली घेऊन उतरता येतं, आणि २००६ नंतर बरीच वर्षं या पक्ष्याच्या चार चाली साधारण अशा असायच्या. स्पाइक्स, म्हणजे समोरच्याच्या बाजूला काटे पसरून ठेवणं. रूस्ट, म्हणजे खाली उतरून विसावणं आणि गेलेली ताकद भरून काढणं. व्हर्लविंड, म्हणजे समोर उभा असलेल्याला वाऱ्याने उडवून मैदानाबाहेर घालवणं. आणि टॉक्सिक, म्हणजे विष देणं. यातली एकही चाल कुणाला थेट मारत नाही. चोच नाही, पंजा नाही, पंखांचा तडाखा नाही. तरीही या पक्ष्याने आपल्या मालकांना किती सामने जिंकून दिले असतील याची गणती करता येणार नाही. हे कसं घडतं ते समजून घेताना मी दर वेळी थक्क होतो, कारण लहान मुलांसाठी काढलेल्या खेळाच्या पोटात इतकं काटेकोर गणित दडलेलं असेल असं बाहेरून कुणालाही वाटत नाही.

खेळाचा साचा सोपा आहे. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये गेम बॉयवर पोकेमॉन रेड आणि ग्रीन आले, आणि दोन गेम बॉय केबलने जोडून मित्राशी लढता येऊ लागलं. दोघांकडे सहा-सहा पोकेमॉन, मैदानात एका वेळी एकेकच. दर टर्नला दोघंही मनाशी ठरवतात: चाल खेळायची, की आत्ताचा मागे घेऊन दुसरा पुढे आणायचा. मग दोन्ही निर्णय एकदम उघड होतात. ज्याचे सहाही कोसळले तो हरला. नव्या खेळाडूला साहजिकच वाटतं की जोरात मारेल त्याचाच विजय, आणि बहुतेक संघ तशाच विचाराने बांधलेले असतात. पण अगदी सुरुवातीच्या काळापासून काही जण उलटा विचार करत आले आहेत. मारायचं नाही, पडायचंही नाही, आणि समोरच्याचं सगळं संपेपर्यंत उभं राहायचं. अशा संघाला खेळाडू ‘स्टॉल’ म्हणतात आणि त्यातल्या चिवट पोकेमॉनला ‘वॉल’.

हा सगळा बचाव एका रेषेवर उभा असतो. रूस्ट, रिकव्हर, सॉफ्ट-बॉइल्ड या चाली एका टर्नमध्ये एकूण एचपीच्या, म्हणजे जीवशक्तीच्या, निम्मे एचपी परत देतात. समोरच्याचा सर्वांत मोठा फटका निम्म्याहून कमी एचपी नेत असेल, तर तो मारत राहील आणि तुम्ही भरत राहाल. निम्म्याहून जास्त नेत असेल, तर तुम्ही फक्त मरण पुढे ढकलताय. म्हणून बचावाचा संघ बांधणारा माणूस ‘हा किती दणकट आहे’ असं विचारतच नाही. तो विचारतो: अमक्याच्या अमक्या फटक्यापुढे हा पन्नास टक्क्यांच्या आत राहतो का?

उदाहरण आकड्यांतच बघू. टायरानिटार हा डोंगरासारखा दणकट राक्षस, आणि स्टोन एज ही त्याची भेदक चाल. १०० व्या लेव्हलला, हल्ल्यावर सगळी मेहनत घेतलेला टायरानिटार बचावावर सगळी मेहनत घेतलेल्या स्कार्मरीला स्टोन एज मारतो. स्कार्मरीचे एचपी ३३४. फटक्यात थोडा नशिबाचा भाग असतो, गेम तो ८५ ते १०० टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी ठरवतो. त्यामुळे १०५ ते १२४ एचपी जातात. साधारण एक तृतीयांश. रूस्ट १६७ परत देतो. शिवाय स्कार्मरीच्या हाती बहुधा लेफ्टओव्हर्स ही वस्तू असते, उरलंसुरलं अन्न, जे दर टर्नच्या शेवटी एकूण एचपीचा सोळावा भाग भरून देतं.

आता हिशेब मांडा. एक चाल किती वेळा खेळता येते याची मर्यादा घटकाभर बाजूला ठेवू. दहा टर्न टायरानिटारने न चुकता मारलं तर साडेतीनशे टक्के एचपी जातात. लेफ्टओव्हर्समधून साठ-बासष्ट टक्के परत येतात. उरलेला खड्डा भरायला पन्नास-पन्नास टक्क्यांचे सहा रूस्ट पुरतात. म्हणजे दहापैकी चार टर्न मोकळ्या! बचावाच्या खेळातली खरी संपत्ती ही मोकळी टर्नच आहे. तिच्यात काटे पसरता येतात, विष देता येतं, नवा गडी सुखरूप आत आणता येतो. याच टायरानिटारच्या हाती चॉइस बँड हा पट्टा दिला, म्हणजे हल्ला दीडपट पण मैदानात असेपर्यंत एकच चाल धरून बसायची, तर तोच स्टोन एज १५६ ते १८४ एचपी नेतो. ४७ टक्क्यांपासून ५५ टक्क्यांपर्यंत. रेषा ओलांडली गेली. दहातल्या नऊ टर्न आता रूस्टमध्येच जाणार, मोकळी कशीबशी एक. पक्षी तोच, राक्षस तोच, आणि एका पट्ट्याने सगळं पारडं फिरलं.

पण थांबा, यात एक खोच आहे आणि मला ती फार देखणी वाटते. स्कार्मरी स्टील आणि फ्लाइंग अशा दोन टाइपांचा, म्हणजे प्रकारांचा, आहे. स्टोन एजसारखी रॉक टाइपची चाल स्टीलला निम्मीच लागते आणि फ्लाइंगला दुप्पट, म्हणून त्याला ती जशीच्या तशी बसते. रूस्ट करताना मात्र पक्षी जमिनीवर टेकतो, आणि गेम ते अक्षरशः खरं मानतो: त्या टर्नपुरता त्याचा फ्लाइंग टाइप काढून घेतो. मग उरतो निव्वळ स्टील, आणि स्टोन एजचा जोर निम्मा होतो. स्कार्मरीला आधी चाल मिळाली तर विसावणं हेच त्याचं चिलखत ठरतं. मात्र हवेत असताना त्याला स्पर्शही न करू शकणारा अर्थक्वेक, म्हणजे भूकंपाचा हल्ला, त्याच एका टर्नमध्ये दुप्पट लागतो, कारण पाय आता जमिनीवर आहेत. म्हणजे टायरानिटारच्या खेळाडूने ओळखायचं की पक्षी या टर्नला बसणार का, आणि स्कार्मरीच्या खेळाडूने ओळखायचं की त्याने हे ओळखलंय का. दोघंही एकमेकांच्या डोक्यात शिरू पाहतात.

एकटा स्कार्मरी मात्र पुरत नाही. १९९९ मध्ये गोल्ड आणि सिल्व्हर आले तेव्हा बचावाचे दोन वेगळे आकडे झाले, फिजिकल, म्हणजे ठोसा-धडक अशा हल्ल्यासाठी एक आणि स्पेशल, म्हणजे आग-वीज अशा हल्ल्यासाठी दुसरा. स्कार्मरीचा मूळ फिजिकल बचाव १४०, स्पेशल फक्त ७०. त्याला दुप्पट लागणारे टाइप दोनच, फायर आणि इलेक्ट्रिक. त्याच गेममध्ये ब्लिसी आली, पोटाच्या खिशात अंडं बाळगणारी गुलाबी, गुटगुटीत परिचारिका. तिचे मूळ एचपी २५५, स्पेशल बचाव १३५, आणि फिजिकल बचाव अवघा १०. झॅपडॉससारख्या विजेच्या पक्ष्याचा पूर्ण ताकदीचा थंडरबोल्ट तिच्या ७१४ एचपीतून १११ ते १३२ नेतो. पाचवा हिस्सासुद्धा नाही. सॉफ्ट-बॉइल्ड ३५७ परत आणतं. पण एखाद्या पैलवानाचा ठोसा बसला तर ती आडवी. तिला दुप्पट लागणारा टाइप एकच, फायटिंग.

आणि इथे दोघांची सांगड बसते. त्या काळात हल्ला फिजिकल की स्पेशल हे चालीच्या टाइपवरून ठरायचं. फायर आणि इलेक्ट्रिक पूर्णपणे स्पेशल, फायटिंग पूर्णपणे फिजिकल. म्हणजे स्कार्मरीच्या दोन्ही उणिवा बरोबर ब्लिसीच्या बाजूला पडत होत्या आणि ब्लिसीची एकमेव उणीव स्कार्मरीच्या बाजूला. आग दिसली की ब्लिसी पुढे, ठोसा दिसला की स्कार्मरी पुढे. दोघांची नावं जोडून खेळाडू ‘स्कार्मब्लिस’ म्हणू लागले. २००६ च्या डायमंड आणि पर्लने फिजिकल-स्पेशल हा भेद टाइपवर न ठेवता प्रत्येक चालीवर ठेवला, तेव्हा फिजिकल आगही आली आणि ही जोडी पहिल्याइतकी निर्दोष राहिली नाही. पण बचावाचा संघ कसा बांधायचा याचा धडा या दोघांनी घालून दिला. आधी एक जोडी शोधा जिच्यातल्या एकाची भोकं दुसरा बुजवतो. मग जोडीतून जे निसटतं त्यासाठी तिसरा. त्या तिघांतून जे निसटतं त्यासाठी चौथा. टाइप एकूण अठरा. कोणाची चाल कोणाला किती लागते याच्या तक्त्यात ३२४ घरं. सहा जणांनी मिळून ती सगळी राखायची असतात.

पण नुसतं टिकून जिंकता येत नाही. समोरच्याचे एचपी कुठेतरी गेले पाहिजेत, आणि ते नेमके कसे जातात हे बघताना मला आजही नवल वाटतं. टॉक्सिकचं विष पहिल्या टर्नला सोळावा भाग नेतं, दुसऱ्याला दोन सोळांश, तिसऱ्याला तीन. सावकाराच्या व्याजासारखं दर वेळी वाढत जातं. एक, दोन, तीन, चार, पाच मिळून पंधरा होतात. सहाव्या टर्नला धडधाकट पोकेमॉनही संपतो. यातून सुटण्याची एक वाट आहे. पोकेमॉन मागे घेतला की विष जात नाही, पण वाढलेला आकडा पुन्हा एकवर येतो. म्हणून विष चढलेल्याला मागे घ्यावंच लागतं. आणि मागे घेतल्यावर जो पुढे येतो तो स्पाइक्सवर पाय ठेवतो. एक थर असेल तर आठवा भाग, तीन थर असतील तर चौथा भाग, फक्त आत येण्याची किंमत. उडणाऱ्यांना काटे लागत नाहीत, पण २००६ मध्ये आलेले स्टेल्थ रॉकचे तरंगते दगड त्यांनाही सोडत नाहीत. फायर आणि फ्लाइंग असा दुहेरी टाइप असलेल्या चारिझार्डचे तर आत येतानाच निम्मे एचपी जातात.

विष बाहेर हाकलतं, काटे आत येणाऱ्याला खातात, आणि हट्टाने उभा राहणाऱ्याला व्हर्लविंड उडवून लावतो आणि त्याच्या जागी कुणालाही फरफटत आणतो, काट्यांवरूनच. सुरुवातीला सांगितलेल्या त्या चार चाली एकेकट्या पाहिल्या तर निरुपद्रवी. एकत्र आल्या की समोरच्याची प्रत्येक हालचाल त्याच्या अंगावर येते. थांबला तरी नुकसान, हलला तरी नुकसान. मारणाऱ्याला वाटत असतं की सामना आपण चालवतोय, आणि त्याच्या एचपीतून सोळावे, आठवे, चौथे हिस्से निसटत असतात.

उरलेल्या जागा भरताना संघबांधणीचं खरं कसब लागतं. सर्वांत मोठी भीती असते आपली ताकद वाढवत नेणाऱ्यांची. स्वोर्ड्स डान्स केला की हल्ला दुप्पट, पुन्हा केला की तिप्पट, आणि मग ती पन्नास टक्क्यांची रेषा कुठल्या कुठे राहते. त्यावर उतारा म्हणजे ‘अनअवेअर’ हा उपजत गुण असलेला पोकेमॉन. पूर्वी क्वॅगसायर, हल्ली डोंडोझो नावाचा अवाढव्य मासा किंवा चिखलातला क्लॉडसायर. समोरच्याने आपली ताकद किती वाढवली हे त्यांना कळतच नाही, म्हणून ती त्यांना लागतही नाही! गेम बनवणाऱ्यांनी भोळेपणाला असं काही बळ दिलंय की मी त्यांना मनोमन दाद देतो.

ग्लायस्कॉरचं प्रकरण याहून अजब. त्याचा गुण ‘पॉइझन हील’. विष चढलं की त्याचे एचपी घटण्याऐवजी दर टर्नला आठव्या भागाने वाढतात. म्हणून त्याच्या हाती मुद्दाम टॉक्सिक ऑर्ब देतात, धारकालाच विष देणारा गोळा. एकदा विष चढलं की त्याला भाजणं, लुळं पडणं, झोप लागणं यांतलं काहीच होऊ शकत नाही, कारण एका वेळी एकच बाधा होऊ शकते. चान्सी ही ब्लिसीची आधीची, अजून पूर्ण न वाढलेली अवस्था. २०१० मध्ये इव्हायोलाइट नावाचा दगड आला, जो अशा अर्धवट वाढलेल्यांचे दोन्ही बचाव दीडपट करतो, आणि धाकटी चान्सी थोरल्या ब्लिसीपेक्षा चिवट ठरली.

याउलट शकल. मडक्यासारख्या कवचातला हा किडा, दोन्ही बचाव २३०, जवळपास कुणीच नाही. कागदावर पाहून कुणीही म्हणेल की बचावाचा संघ इथूनच सुरू व्हावा. पण त्याचे मूळ एचपी फक्त २०, ताकद भरून काढायची तर दोन टर्न झोपून राहणं एवढाच खात्रीचा मार्ग, आणि त्याच्यापासून कुणाला धोका नाही. त्याच्यासमोर शत्रू निवांत आपली ताकद वाढवत बसतो. मला विचाराल तर शकलकडे बघूनच बचाव म्हणजे काय ते नीट कळतं. मिळालेल्या मोकळ्या टर्नचं जो काही करू शकत नाही, त्याच्या दणकटपणाचा उपयोग समोरच्यालाच होतो.

अशी तटबंदी फोडणारेही तितकेच कल्पक. २००२ च्या रूबी आणि सफायरमध्ये पोकेमॉनना उपजत गुण मिळाले आणि मॅग्नेटॉन या चुंबकांच्या तिकडीला मिळाला ‘मॅग्नेट पुल’: समोर स्टील असेल तर ते मागे घेता येत नाही. पोलादी पक्षी चुंबकाला चिकटला! ब्लिसीला पुढे आणायची सोयच उरली नाही, आणि समोरून विजेचा झटका. सबंध संघ ज्या जोडीवर उभा त्यातला एक खांब असा अलगद काढून घेतला जाई. काही खेळाडू मग लेफ्टओव्हर्स सोडून शेड शेल ही वस्तू देऊ लागले, जिच्या जोरावर कुठल्याही सापळ्यातून निसटता येतं. पण त्यात दर टर्नचा सोळावा भाग गेला, आणि वरचा सगळा हिशेब पुन्हा मांडायची वेळ आली.

टॉन्ट ही चाल आणखी साधी आणि आणखी क्रूर. ती लागलेल्याला तीन टर्न फक्त मारण्याच्याच चाली खेळता येतात. सुरुवातीच्या आपल्या स्कार्मरीकडे तशी एकही नाही. त्याला मागे घ्यायचं नसेल तर स्ट्रगल करावं लागतं, म्हणजे चाल संपलेल्याची धडपड, जिच्यात स्वतःलाच इजा होते. आणि २०२२ च्या स्कार्लेट आणि व्हायोलेटपासून दर सामन्यात एकदा आपल्या एका पोकेमॉनचा टाइप ऐनवेळी बदलता येतो. ३२४ घरांचा तक्ता पाठ करून बांधलेल्या तटबंदीला याहून मोठा हादरा कोणता?

त्याच गेमने आणखी एक गोष्ट केली, दिसायला बारीक. प्रत्येक चाल सामन्यात ठरावीक वेळाच खेळता येते. रिकव्हर, रूस्ट, सॉफ्ट-बॉइल्ड यांचा मूळ साठा दहाचा होता, वाढवून सोळापर्यंत जायचा. आता तो पाचवर आणला, वाढवून आठ. टॉक्सिकही बहुतेकांकडून काढून घेतलं. आठ वेळा निम्मे, म्हणजे चार आयुष्यं. बचावाच्या खेळाडूला आता एचपीइतकाच चालींचा साठाही मोजावा लागतो: कुठला रूस्ट आता करायचा, कुठला राखून ठेवायचा, आणि समोरच्याच्या स्टोन एज किती उरल्या.

हे सगळं सहास सहाच्या, एकास एक अशा लढतीचं. कंपनीच्या अधिकृत जागतिक स्पर्धेत दोन-दोन पोकेमॉन एकदम उतरतात, सहातून चारच निवडायचे असतात आणि घड्याळ चालू असतं. तिथे संथ तटबंदीला वावच नाही. पण बचाव तिथेही वेगळं रूप घेऊन येतो. २०१४ च्या वॉशिंग्टनमधल्या जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्कने पाचिरिसू ही छोटीशी विजेची खार उतरवली, जिला त्या पातळीवर कुणी विचारत नसे. तिची मुख्य चाल फॉलो मी, म्हणजे समोरून येणारे हल्ले आपल्याकडे ओढून घेणं. विजेचा हल्ला आला तर तिचे एचपी उलट वाढत. ती फटके अंगावर घेत राहिली, शेजारच्याला मारायला मोकळीक मिळाली, आणि पार्क जगज्जेता झाला.

बचावाची शक्यता शेवटपर्यंत ताणली तर काय होतं हेही कुणीतरी करून पाहिलं आहे. २०१० नंतरच्या काळात एक स्लोब्रो रचला गेला. ब्लॉक ही चाल खेळून तो समोरच्याची परतीची वाट बंद करायचा. मग स्लॅक ऑफने स्वतःला भरत राहायचं. एखाद्या चालीचा साठा संपला की हातातलं लेप्पा नावाचं फळ खाऊन तो भरून काढायचा आणि रीसायकलने तेच फळ परत मिळवायचं. समोरच्याच्या चाली मात्र संपायच्या. तो स्ट्रगल करून स्वतःलाच संपवू लागला की स्लोब्रो हील पल्स खेळून त्यालाच बरा करायचा. कुणी मरत नाही, कुणी जिंकत नाही, सामना तत्त्वतः कधीच संपत नाही. यानंतर स्मॉगन या खेळाडूंच्या संस्थेने मुद्दाम न संपणारे सामने रचण्यावर बंदी घालणारा नियम केला. त्यांचे सामने जिथे खेळले जातात त्या शोडाउन या सिम्युलेटरवर आणखी एक मर्यादा आहे: दोन्ही बाजू तग धरून हजाराव्या टर्नपर्यंत पोहोचल्या, तर सामना तिथेच बरोबरीत थांबवला जातो.